अलेक्झांड्रिया आणि लीव्हनचे खोरे : लाल कापडाच्या एका स्कॉटिश गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे अलेक्झांड्रिया म्हणजे इजिप्तमधले का?

नाही. हे अलेक्झांड्रिया स्कॉटलंडच्या पश्चिम भागात, ग्लासगोच्या वायव्येस साधारण तीस किलोमीटरवर आहे. लॉक लोमंड या मोठ्या सरोवरातून लीव्हन नावाची नदी निघते आणि सुमारे दहा किलोमीटर वाहून डंबार्टन येथे क्लाइड नदीला मिळते. या छोट्या नदीच्या दोन्ही काठांवर बॅलॉक, जेम्सटाऊन, अलेक्झांड्रिया, बॉनहिल आणि रेंटन ही गावे एकमेकांना जवळजवळ चिकटून वसलेली आहेत, आणि या सगळ्या पट्ट्याला ‘व्हेल ऑफ लीव्हन’, म्हणजे लीव्हनचे खोरे, असे म्हणतात. तिथला माणूस आपल्या गावाचे नाव सांगण्याऐवजी पुष्कळदा ‘मी व्हेलचा’ असेच सांगतो. त्यामुळे या पानावर मध्यभागी अलेक्झांड्रिया असले तरी शेजारच्या गावांना वगळून त्याची गोष्ट सांगता येत नाही.

गावाला हे नाव स्मॉलेट या जमीनदार घराण्यातील अलेक्झांडर स्मॉलेट यांच्यावरून मिळाले. ते १७९९ मध्ये हॉलंडमधील अल्कमारच्या लढाईत मारले गेले. त्याआधी या वस्तीला लोक नुसते ‘ग्रोसरी’ म्हणत, कारण चार घरांमध्ये एक किराणा दुकान, एवढीच तिची ओळख होती. अठराव्या शतकातील कादंबरीकार टोबायस स्मॉलेट याच घराण्यातले असून त्यांचा जन्म १७२१ मध्ये रेंटनजवळ डालहर्न येथे झाला. रेंटनमध्ये त्यांचे स्मारक आहे, आणि त्यावरील लॅटिन लेख १७७३ च्या आपल्या प्रवासात डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी दुरुस्त करून दिला होता.

कापडाचा धंदा नेमका इथेच का आला?

पाण्यामुळे. लॉक लोमंडचे पाणी अत्यंत मऊ आहे. त्यात चुन्याचा अंश फार कमी असल्यामुळे साबण चांगला फेसाळतो आणि कापडावर डाग राहत नाहीत. सरोवर हाच नैसर्गिक बंधारा असल्याने नदीला वर्षभर पाणी असते आणि तिची धारही जोरदार आहे. शिवाय काठावर सपाट कुरणे होती. कोरे कापड पांढरे करण्यासाठी त्या काळी ते खारात उकळून, आंबट ताकात भिजवून, आठवडेच्या आठवडे गवतावर उन्हात पसरून ठेवावे लागे, आणि त्याला अशीच जागा हवी असे. डालहर्न येथे १७१५ च्या सुमारास असे पहिले मैदान सुरू झाले. पुढे १७७० मध्ये ग्लासगोचे व्यापारी विल्यम स्टर्लिंग यांनी जवळच कॉर्डेल येथे छपाईचा कारखाना काढला. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी विरंजक भुकटीचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, पेटंट घेतले आणि महिन्यांचे काम दिवसांवर आले. मैदानांची गरज संपली, परंतु पाण्याची संपली नाही. उलट कारखाने वाढत गेले.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. या खोऱ्यात सूतकताई आणि विणकाम हे मुख्य उद्योग कधीच नव्हते. कापड बाहेरून येत असे आणि रंगून, छापून पुन्हा बाहेर जात असे. त्यामुळे इथला कामगार हा गिरणी कामगारापेक्षा रंगारी आणि छपाईवाला अधिक होता.

‘टर्की रेड’ म्हणजे काय?

सुती कापडावरचा एक झळझळीत, पक्का लाल रंग. तो उन्हाने उडत नाही आणि साबणाने कितीही धुतला तरी जात नाही. नावातले ‘टर्की’ तुर्की साम्राज्याकडे बोट दाखवते, कारण भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील रंगाऱ्यांकडून ही विद्या आधी फ्रान्समधील रूआँ शहरात पोहोचली आणि तेथून पिएर पापिय्योँ नावाचा रंगारी ती १७८५ मध्ये ग्लासगोला घेऊन आला. जॉर्ज मॅकिंटॉश आणि डेव्हिड डेल यांनी त्याच्या मदतीने डालमार्नक येथे कारखाना काढला. लीव्हनच्या काठी हा रंग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला आणि तिथे असा काही रुजला की पुढे हे खोरे त्याचे जगातील मोठे केंद्र बनले.

ही प्रक्रिया आज वाचतानाही थकवा येतो. रंग यायचा मंजिष्ठाच्या युरोपीय जातीच्या मुळापासून, पण नुसते मूळ उकळून सुती धाग्यावर तो बसत नाही. म्हणून आधी कापड खारात उकळायचे. मग खवट ऑलिव्ह तेल, सोडा आणि मेंढीच्या लेंड्या यांच्या दुधाळ मिश्रणात भिजवून वाळवायचे, आणि हे एकदा नव्हे तर अनेकदा करायचे. जादा तेल धुऊन काढायचे. मायफळाच्या किंवा सुमाक नावाच्या झुडपाच्या पाण्यातून काढून तुरटीचे पाणी द्यायचे. त्यानंतर मंजिष्ठात खडूची पूड आणि बैलाचे रक्त घालून रंगवायचे. आणि शेवटी साबण व कथलाच्या क्षारात दाबाखाली उकळून रंग उजळायचा. वीस-वीस टप्पे आणि कित्येक आठवडे यात जात. तेल, तुरटी, चुना आणि मुळातील रंगद्रव्य यांची धाग्यावर एकजीव गुंफण होते, म्हणून तो रंग निघत नाही, हे रसायनशास्त्राने नंतर उलगडून दाखवले. रंगाऱ्यांनी मात्र शास्त्र कळण्याच्या कितीतरी आधी केवळ अनुभवावर ते साधले होते, आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वाधिक आदर वाटतो तो या हातांच्या ज्ञानाविषयी.

१८६८-६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठातील मुख्य रंगद्रव्य, अलिझरिन, कृत्रिमरीत्या तयार केले. पुढच्या दशकात खवट ऑलिव्ह तेलाच्या जागी गंधकाम्लाची प्रक्रिया केलेले एरंडेल आले. आपल्याकडच्या रसायनांच्या बाजारात आजही ‘टर्की रेड ऑइल’ या नावाने जे मिळते, ते हेच.

एकाच लाल रंगावर इतक्या नक्ष्या कशा निघत?

लाल रंगावर रंग चढवून नव्हे, तर लाल रंग खोडून. पूर्ण लाल रंगवलेल्या कापडावर आम्लाची खळ ठशाने छापायची आणि ते विरंजक भुकटीच्या पाण्यातून काढायचे. जिथे आम्ल असेल तिथेच लाल उडून पांढरे उमटते. त्याच खळीत इतर द्रव्ये मिसळली तर पांढऱ्याच्या जागी निळा, पिवळा किंवा हिरवा येतो. त्यामुळे या कापडांवर लाल जमिनीत निळे-पिवळे मोर, वेलबुट्टी आणि कुयऱ्या अशी ठसठशीत रंगसंगती दिसते. लाल जमिनीवर पांढऱ्या ठिपक्यांचे रुमालही याच पद्धतीने निघत. इंग्रजीत अशा रुमालाला ‘बंडाना’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या ‘बांधणी’चाच भाऊबंद आहे.

या कापडाचा हिंदुस्थानशी आणि मुंबईशी काय संबंध?

अतिशय जवळचा. लीव्हनच्या कारखान्यांचे मोठे गिऱ्हाईक स्कॉटलंडमध्ये नव्हते, ते हिंदुस्थानात होते. मुंबई, कोलकाता आणि मद्रास या बंदरांतून हा माल उतरत असे. सुती कापडावरचा पक्का लाल रंग जिथे शुभ मानला जातो, जिथे चोळीचा खण, लुगडे, पागोटे, पोथीचे बासन अशा रोजच्या आणि सणाच्या वस्तूंत लाल लागतो, अशी बाजारपेठ त्या कारखान्यांना दुसरीकडे सहज मिळाली नसती. एडिंबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात या कारखान्यांच्या सुमारे दोनशे नमुनावह्या जपलेल्या आहेत. त्यांतील मोर, हत्ती आणि कुयऱ्या पाहिल्या की त्या कोणाच्या डोळ्यांसाठी काढल्या होत्या हे सांगावे लागत नाही. ताग्यावर डकवायची रंगीत लेबले तर आणखी बोलकी आहेत. ज्या ग्राहकाला इंग्रजी अक्षर वाचता येत नाही, त्याने चित्रावरून कंपनीचा माल ओळखावा म्हणून त्यांवर हिंदुस्थानी देखावे आणि देवदेवतासुद्धा छापलेल्या असत.

या व्यापाराची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. पक्का लाल रंग ही आपल्याकडे बाहेरून शिकण्याची गोष्ट नव्हती. दख्खन, वऱ्हाड आणि मध्य भारतात आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून, दक्षिणेत चाय नावाच्या वनस्पतीच्या मुळापासून आणि अन्यत्र मंजिष्ठापासून लाल कापड रंगवणारे रंगारी शतकानुशतके होते. विधवांच्या लाल लुगड्याचे ‘आलवण’ हे नाव त्या आलाचीच आठवण ठेवून आहे. स्वस्त विलायती लाल कापड आणि त्यामागोमाग आलेले कृत्रिम अलिझरिन यांनी त्या रंगाऱ्यांचा धंदा आणि आलाची लागवड दोन्ही मोडीत काढली. लीव्हनच्या काठची समृद्धी आणि आपल्याकडच्या रंगारी आळ्यांची अवकळा या एकाच कापडाच्या दोन बाजू आहेत, आणि एकीचे कौतुक करताना दुसरी दडवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

कारखाने कोणाचे होते?

प्रामुख्याने तीन पेढ्यांचे. डालहर्न आणि कॉर्डेल येथे विल्यम स्टर्लिंग अँड सन्स, अलेक्झांड्रियाच्या क्रॉफ्टेंगी कारखान्यात जॉन ऑर युइंग अँड कंपनी, आणि लीव्हनबँक येथे आर्चिबाल्ड ऑर युइंग अँड कंपनी. क्रॉफ्टेंगीला गावातले लोक ‘क्राफ्ट’ म्हणत. आपसातील जीवघेणी स्पर्धा थांबवण्यासाठी या तिघांनी एकोणिसावे शतक संपताना एकत्र येऊन ‘युनायटेड टर्की रेड कंपनी’ स्थापन केली. तिच्याकडे हजारो माणसे कामाला होती. गावात मालक बदलून दुसरीकडे काम मिळवण्याची वाटच त्यामुळे बंद झाली, कारण मालक एकच उरला होता.

तिथले कामगार कोण होते आणि त्यांचे जीवन कसे होते?

काही मूळचे आसपासचे, काही स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून जमिनीवरून निघावे लागलेले, आणि बरेचसे आयर्लंडमधून आलेले. बायका आणि मुलींची संख्या फार मोठी होती. ओले, जड कापड उचलणे, वाफेने भरलेल्या आणि अतिशय तापलेल्या वाळवणीच्या खोल्यांत ये-जा करणे आणि तेथून थेट बाहेरच्या थंडीत पडणे, हा त्यांचा दिवस. कापड रंगले की हात रंगत, आणि नदीचे पाणीही कारखान्याच्या रंगाने बदलत असे.

गावाचा पूर्वेकडील काठाशी संबंध बॉनहिलच्या पुलावरून होता. तो पूल ओलांडायला स्मॉलेट घराण्याला पथकर द्यावा लागे. स्कॉट भाषेत अर्ध्या पेनीला ‘बॉबी’ म्हणतात, म्हणून तो ‘बॉबी ब्रिग’. पुढे पथकर गेला आणि पूलही बदलला; नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. कामावर जाण्यासाठी आपल्याच गावच्या जमीनदाराला पैसे मोजणाऱ्या माणसांच्या मनात काय साचत गेले असेल, याची कल्पना पुढच्या इतिहासावरून येते.

१९११ च्या डिसेंबरात युनायटेड टर्की रेडच्या कामगारांनी मोठा संप केला. पगार, कामाचे तास आणि संघटनेची मान्यता हे त्यातले प्रश्न होते. स्त्री कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेने या बायकांना संघटित केले आणि आजवर मुकाट्याने काम करणाऱ्या मुली मिरवणुकांच्या पुढे चालू लागल्या. माझ्या मते या खोऱ्याचा आधुनिक स्वभाव त्या हिवाळ्यात घडला.

फुटबॉलच्या इतिहासात या छोट्या गावांचे नाव का घेतले जाते?

कारण काही वर्षे ती खरोखरच सर्वश्रेष्ठ होती. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या व्हेल ऑफ लीव्हन संघाने १८७७, १८७८ आणि १८७९ असा सलग तीनदा स्कॉटिश कप जिंकला. तोपर्यंत अजिंक्य समजल्या जाणाऱ्या ग्लासगोच्या क्वीन्स पार्क संघाला हरवणारा पहिला स्कॉटिश संघही हाच. त्याचे बरेच खेळाडू रंगाई-छपाईच्या कारखान्यांत काम करत. शेजारच्या रेंटनने १८८५ आणि १८८८ मध्ये तोच कप जिंकला. १८८८ च्या मे महिन्यात रेंटनने इंग्लंडच्या एफ. ए. कपचा विजेता वेस्ट ब्रॉमविच अल्बियन याला ४-१ असे हरवले आणि आपल्या मैदानावर ‘जगज्जेते’ अशी पाटी लावली. तेव्हा संघटित फुटबॉल या दोन देशांबाहेर फारसे नव्हते, त्यामुळे तो दावा पोकळ नव्हता.

१८९० मध्ये स्कॉटिश लीग सुरू झाली तेव्हा तिच्या अकरा संघांपैकी तीन, म्हणजे व्हेल ऑफ लीव्हन, रेंटन आणि डंबार्टन, याच एका नदीकाठचे होते. परंतु खेळात पैसा आला आणि मोठ्या शहरांचे संघ चांगले खेळाडू उचलू लागले. रेंटनला पहिल्याच मोसमात, खेळाडूंना पैसे देणाऱ्या एका संघाशी सामना खेळल्याच्या कारणावरून काढून टाकण्यात आले. व्हेल ऑफ लीव्हनला १८९१-९२ च्या मोसमात बावीसपैकी एकही सामना जिंकता आला नाही.

इतक्या लहान गावात मोटारींचा एवढा भव्य कारखाना कसा आला?

आर्गाइल मोटर्सचे संस्थापक अलेक्झांडर गव्हन यांच्या महत्त्वाकांक्षेमुळे. ग्लासगोच्या ब्रिजटन भागात मोटारी बनवण्यात यश आल्यावर त्यांनी अलेक्झांड्रियात लाल वालुकाश्माचा, सोनेरी घुमटाचा आणि संगमरवरी जिन्याचा कारखाना उभारला. १९०६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. बाहेरून पाहणाऱ्याला तो एखाद्या नगरपालिकेचा राजवाडाच वाटावा. पुढच्याच वर्षी गव्हन यांचा मृत्यू झाला, १९०८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि सावरून चारही चाकांना ब्रेक आणि नव्या धाटणीचे इंजिन अशा चांगल्या गोष्टी केल्यानंतरही, पेटंटच्या खर्चिक खटल्याने खचून १९१४ मध्ये बंद पडली. इतक्या मोठ्या इमारतीचा भार भागेल इतक्या मोटारी तिथे कधी बनल्याच नाहीत. त्या इमारतीत नंतर तोफगोळे आणि पाणतीर म्हणजे टॉर्पेडो बनले. १९७१ मध्ये तेथील नंतरच्या मालकांनी काम बंद करायचे ठरवले, तेव्हा कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला होता. इमारत आजही उभी आहे आणि तिला सर्वोच्च श्रेणीचे वारसा संरक्षण आहे.

या भागाला ‘लिटल मॉस्को’ का म्हणत?

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे कम्युनिस्ट विचारांचा जोर ब्रिटनमधील फार थोड्या ठिकाणी होता तितका होता. टर्की रेडची मागणी कोसळत होती आणि बेकारी भयंकर वाढली होती. बेकारांच्या संघटनेने मोर्चे काढले, घरभाडे न दिल्याबद्दल होणाऱ्या हकालपट्ट्या अडवल्या, आणि १९३० च्या दशकात स्थानिक परिषदेत कम्युनिस्ट व त्यांच्या मित्रांचे वर्चस्व होते. इथले काही तरुण स्पेनच्या यादवी युद्धात लढायलाही गेले.

वर्तमानपत्रांनी हे टोपणनाव भीती घालण्यासाठी वापरले. मला मात्र त्यात पक्षापेक्षा शेजार अधिक दिसतो. एकाच मालकाकडे काम केलेल्या, एकाच आळीत राहणाऱ्या आणि एकाच वेळी काम गमावलेल्या माणसांना एकमेकांचा आधार घेण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

लाल कापडाचा धंदा का बुडाला? त्यात स्वदेशीचा वाटा किती?

कारणे अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कापडावर थेट तयार होणारे नॅफ्थॉल जातीचे लाल रंग आले. ते स्वस्त होते आणि त्यांना इतके टप्पे लागत नव्हते. मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, जपानी माल आला, आणि हिंदुस्थानात आयात कापडावरील जकातही वाढली.

स्वदेशीने या उताराला नैतिक आणि राजकीय धार दिली. पुण्यात १९०५ मध्ये विदेशी कापडाची होळी झाली. १९२१ मध्ये परळला गांधीजींच्या हातून झाली. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवताना बाबू गेनू सैद या गिरणी कामगाराने मुंबईत प्राण दिला. लीव्हनच्या खोऱ्यातील बेकार रंगारी आणि मुंबईतील बाबू गेनू एकमेकांना कधीच भेटले नसते, आणि बाबू गेनूचा लढा त्या रंगाऱ्याच्या विरुद्ध नव्हता. तरी त्या काळचा कापडाचा व्यापार असा होता की एका टोकाच्या कामगाराच्या न्याय्य लढ्याची झळ दुसऱ्या टोकाच्या कामगाराच्या चुलीपर्यंत पोहोचत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर जे थोडे काम उरले होते तेही आटत गेले, आणि १९६० च्या सुमारास मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनने युनायटेड टर्की रेड ताब्यात घेतल्यावर लवकरच कारखाने बंद झाले.

त्यानंतर गावाचे काय झाले?

सरकारने औद्योगिक वसाहती काढल्या आणि घड्याळे, हिशेबयंत्रे, चष्म्यांच्या काचा अशा धंद्यांत काही दशके काम मिळाले. त्यांतील बहुतेक कारखानेही पुढे गेले. १९५५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेतील स्कॉटलंडचे पहिले नवे रुग्णालय येथेच उघडले. ते टिकावे म्हणून गावकऱ्यांनी नंतर अनेकदा आंदोलने केली आहेत. १९६० च्या दशकात जुन्या रंगाईच्या कारखान्याच्या जागेत व्हिस्कीची भट्टी सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. लॉक लोमंडकडे जाणारे पर्यटक मात्र बहुधा अलेक्झांड्रिया न पाहता आगगाडीने किंवा मोटारीने थेट बॅलॉकला जातात.

आज तिथे गेल्यास काय पाहावे?

ग्लासगोहून बॅलॉकला जाणारी आगगाडी अलेक्झांड्रियाला थांबते. गावातून जाणारा हा रेल्वेमार्ग १८५० चा आहे. स्थानकाजवळच आर्गाइलची इमारत आहे आणि गावात स्मॉलेट कारंजे आहे. तेथून नदीकाठच्या पायवाटेने दक्षिणेकडे रेंटनपर्यंत चालत जावे. वाटेत फारसे अवशेष दिसणार नाहीत, कारण बहुतेक कारखाने पाडले गेले आणि डालहर्नच्या जागेवर आता घरे आहेत. कॉर्डेलचे नाव रेंटनच्या एका गृहनिर्माण संस्थेने मात्र पुढे चालवले. कापड पाहायचे असेल तर एडिंबराला जावे लागेल. तिथल्या नमुनावह्यांच्या पानांवर चिकटवलेले हे तुकडे दीडशे वर्षांनंतरही ताज्या कुंकवासारखे लाल आहेत, आणि त्यांतले मोर मुंबईच्या बाजारात ज्या रंगांत उतरले त्याच रंगांत अजून आहेत.